कचरागाडीला सातवा कप्पा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी इंदूरची. लोकमान्य नगरात राहते आणि १९९८ पासून घरून फराळ करून विकते. आपला अंक फोनवर वाचते, कारण छापील अंक इकडे पोचेपर्यंत त्यातल्या बातम्या सादळलेल्या असतात.

मागच्या रविवारी आपण जैवइंधनावर पानभर मजकूर दिलात. ऊस, मका, भाताचा पेंढा, शेण, तळणीचं तेल, सगळ्यातून इंधन निघतं आणि मथळा 'कचऱ्यातून सोनं'. ते वाचून मी जिन्याखाली ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं. त्यात सतरा लिटर सोनं आहे, म्हणजे तळून थकलेलं तेल, श्रावणापासून साठलेलं. ते कुणाच्या स्वाधीन करावं हे ठरत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबेल. कापायचंच झालं तर मक्याचं कापा, तेलाचं राहू द्या.

तेलापासून सुरुवात करते, कारण त्यातलं मला कळतं. ताज्या तेलात चकली सोडली की मोठे, मोकळे बुडबुडे येतात आणि चकली होत आली की आपसूक कमी होतात. तेल थकलं की बुडबुडे बारीक होतात, साबणासारखा फेस कढईच्या काठापर्यंत चढतो आणि चकल्या काढल्या तरी बसत नाही. झाऱ्यावरून निथळताना थेंब सुटा पडत नाही, तार धरतो. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीवर जो पिवळा चिकट थर बसतो ना, त्याचा वास मग कढईतूनच यायला लागतो. सासूबाई तेवढ्यावरून सांगायच्या, "हे आता दिव्यालासुद्धा नको." २०१८ च्या जुलैपासून त्यांच्या नाकाला सरकारी आकडा मिळाला: तेलातले 'पोलर' घटक, म्हणजे तेल तापून तापून बिघडलं की त्यात तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल तळायला वापरायचं नाही. मोजायचं यंत्र बाजारात मिळतं. मी घेतलेलं नाही. सासूबाई गेल्या, पण नाक मला देऊन गेल्या.

नियमाचा पुढचा भाग असा की रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याचा हिशेब ठेवायचा आणि उरलेलं तेल नोंदणी असलेल्या माणसालाच द्यायचं. पुढे कारखान्यात त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालतात, बायोडिझेल वर राहतं आणि ग्लिसरीन खाली बसतं. (हे मिथेनॉलही आपण बहुतेक बाहेरूनच आणतो, पण ते जाऊ द्या.) अन्नसुरक्षा प्राधिकरणाची ही योजना मला मनापासून पटते. थकलेलं तेल माणसाच्या पोटात जाण्यापेक्षा इंजिनात गेलेलं बरं, यात वाद कसला? अडचण त्या पन्नास लिटरची आहे. दिवाळीचे तीन आठवडे सोडले तर माझी कढई दिवसाला सहा-सात लिटरची. आमच्याच गल्लीत अशा आम्ही तिघी आहोत. कोपऱ्यावर कचोरीची गाडी, पलीकडे भज्यांची, शाळेसमोर समोशांची. इंदूरचं अर्धं खाणं कढईतून निघतं आणि त्यातल्या कितीतरी कढया त्या रेषेच्या खाली आहेत. आमचं तेल कुठे जातं, हे कुणी विचारत नाही.

कुठे जातं ते मी पाहिलंय. पाच-सहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ महिन्यातून एकदा येऊन तेल न्यायचे. रोख पैसे द्यायचे, गोड बोलायचे, "डिझेल बनता है इसका, बहनजी, देशसेवा है." मी डब्यांच्या झाकणांवर लाल नेलपॉलिशनं आकडे घालते, म्हणजे कुठला डबा कधी फोडला ते चुकत नाही. एका संध्याकाळी आम्ही दोघं डॉक्टरांकडून परत येत होतो. बसथांब्याशेजारी समोशांची गाडी होती. यांना राहवलं नाही. ह्यांनी पहिला घास घेतला आणि माझी नजर गाडीच्या खालच्या फळीवर गेली. डबा. झाकणावर लाल सात. माझाच सात, खाली शेपटी वळवलेला. मी यांना म्हटलं, "खाली ठेवा तो समोसा." हे म्हणाले, "का, गरम आहे." गाडीवाल्याला विचारलं तर तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला की नवीन तेल परवडत नाही, हे निम्म्या भावात मिळतं, वरून थोडं ताजं घालतो. त्याला मी काय बोलणार? देशसेवावाल्यांना मात्र पुढच्या महिन्यात दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर वर्षभर मी तेल मातीत ओतत होते, आणि तेही काही पुण्याचं काम नव्हे. पारिजातकाच्या आळ्यातली माती अजून पाणी धरत नाही.

आता एक पोरगा येतो, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून. २०१९ मध्ये लिटरला २८ रुपये मिळत होते, हा ५५ देतो. मागे एकदा म्हणाला, "आंटी, ज़्यादा काला मत करो. हल्का माल दो, साठ दूँगा." त्याचं खरं आहे. तेल जितकं कमी जळलेलं तितकं कारखान्याचं काम सोपं. तब्येतीच्या दृष्टीनंही चांगलंच, म्हटलं, लवकर बदलू. पण रात्री हिशेबाची वही घेऊन बसले आणि माझं मलाच हसू आलं. नवीन सोयाबीन तेल मला लिटरला १३० च्या आसपास पडतं. २०१९ मध्ये जुनं तेल विकून नव्याची तिसरा हिस्सा किंमत हाती यायची, आता चाळीस टक्क्यांच्या वर येते. उद्या कुणी शंभर दिले तर? मग मी चार घाणे कशाला काढीन, एका घाण्यातच तेल 'वापरलेलं' होईल. आणि माझ्यापेक्षा हुशार माणूस तो एक घाणा काढायचीही तोशीस घेणार नाही.

ही माझ्या डोक्यातली भीती नाही. युरोपात गेली काही वर्षं हाच संशय घेतला जातोय की कागदावर वापरलेलं म्हणून येणाऱ्या तेलात ताजं पामतेल मिसळलेलं असतं, कारण तिथे वापरलेल्या तेलाला ताज्यापेक्षा जास्त मान आहे. आणि ते ताजं पामतेल म्हणजे इंडोनेशिया-मलेशियात जंगल तोडून लावलेली झाडं. मग कर्बाचा हिशेब कसला आणि पर्यावरण कसलं!

आता आपल्याकडेही मागणी वाढणार. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला वापरलेल्या तेलापासून विमानाचं इंधन करण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालंय, क्षमता वर्षाला ३५,००० टनांची सांगितली आहे. २०२७ पासून परदेशी जाणाऱ्या विमानांत असं इंधन १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के मिसळायचं सरकारी उद्दिष्ट आहे. माझ्या चकलीच्या तेलावर कुणी दुबईला जाणार असेल तर जावं, मला अभिमानच वाटेल. पण मोठ्या हॉटेलांचं आणि नमकीनच्या कारखान्यांचं तेल संपल्यावर हे लोक आमच्या गल्लीत येतील, तेव्हा तोल बिघडायला वेळ लागणार नाही. आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, वर्षाला दीड कोटी टनांच्या वर. ज्या देशाला तळायला तेल पुरत नाही, त्यानं 'वापरलेलं तेल' हा शब्द जरा जपून वापरावा.

पामतेल मी फराळाला वापरत नाही, तरी त्याची झळ मला बसते. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली, तीनेक आठवडे. ऐन लग्नसराईत दुकानदार मला सोयाबीनचा डबा द्यायला का-कू करत होता, कारण पाम वापरणारे सगळे सोयाबीनवर तुटून पडले होते. इंडोनेशियानं २०२३ पासून आपल्या डिझेलमध्ये ३५ टक्के आणि २०२५ पासून ४० टक्के पामचं बायोडिझेल मिसळायचं ठरवलं. म्हणजे जकार्तातल्या ट्रकच्या टाकीत काय जातं, त्यावर माझ्या शंकरपाळ्यांचा भाव ठरणार. गिऱ्हाइकाला हे सांगून बघा. "काकू, मागच्या वर्षी ३६० होते ना?" एवढंच ऐकायला मिळतं.

पेट्रोलचं मी थोडक्यात आटपते. आता पंपावर मिळतं त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल. माझा भाचा स्कूटरच्या नावानं रोज ओरडतो. इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा लिटरला साधारण एक तृतीयांश कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडं पडणारच, त्यात एवढं आकाशपाताळ एक करण्यासारखं मला दिसत नाही. मला टोचतो तो पाण्याचा आकडा. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, हे नीती आयोगाच्याच अहवालात आहे. आमच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी आहे. तशा जवळजवळ तीन. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, ७० किलोमीटर लांबून, डोंगर चढवून, १९७८ पासून. माझ्या लग्नाआधीची गोष्ट, पण नर्मदा आली त्या दिवसाची आठवण सासूबाई सणासारखी सांगायच्या. आजही नळ एक दिवसाआड येतो. त्यामुळे कुणी 'पाण्याचं काय एवढं' म्हणालं की मला त्याला नळाच्या वेळेला आमच्या घरी बोलवावंसं वाटतं.

शेतीकडून काय दिसतं ते माझ्या धाकट्या दिरांकडून ऐका. भाऊजींची इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला अठरा बिघे जमीन, तीस वर्षं सोयाबीन. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि मंडीत हाती आले चार हजार शंभर. गावोगावी शेतकरी रस्त्यावर आले होते तेच हे वर्ष. भाऊजींनी व्यापाऱ्याला कारण विचारलं, तर त्यानं बोट दाखवलं इथेनॉलकडे. मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढलं की मागे चोथा राहतो, डीडीजीएस म्हणतात. तो कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आणि सोयाबीनच्या पेंडीपेक्षा स्वस्त. पेंड विकली गेली नाही तर तेल गाळणारा सोयाबीन कशाला उचलेल? दुसरीही कारणं आहेतच, बाहेरचं तेल, जगातलं भरघोस पीक. पण हे एक कारण असं की ते आपण स्वतः तयार केलं.

यंदा भाऊजींनी आठ बिघ्यांत मका लावला. मी म्हटलं, "भाऊजी, मंडीत मक्याचं असंच झालं तर?" म्हणाले, "वहिनी, तुम्ही चकली विकता, उरली तर शेजारी वाटता. मी मका कुणाला वाटू?" मक्याचा देश म्हणून आपण निर्यात करायचो, २०२४ मध्ये आयात करायची पाळी आली, कारण कोंबडी आणि कारखाना एकाच कणसावर बसले. म्हणजे गंमत बघा. तेलबियांची जमीन मक्याला गेली, मक्याचं पेट्रोल झालं, कच्चं तेल थोडं कमी आणलं, आणि खायचं तेल जास्त आणायची तयारी झाली. डॉलर या खिशातून काढून त्या खिशात.

धरसोडीचं तर बोलायलाच नको. २०२३ च्या जुलैत इथेनॉलला अन्न महामंडळाचा तांदूळ बंद, डिसेंबरात उसाच्या रसावर बंधन, मग पुन्हा सगळं खुलं. आमच्या घरी तर त्याआधीचीही आठवण आहे. २००३ च्या सुमाराला रतनजोतचा, म्हणजे जट्रोफाचा, गाजावाजा सुरू झाला, पडीक जमिनीत लावा, पाणी नको, खत नको, बियांचं डिझेल करू. सासऱ्यांनी बांधावर दोनशे रोपं लावली. पाणी घातलं नाही तर बी धरत नव्हतं, आणि पाणी असतं तर कुणी गहू सोडून रतनजोत लावलं असतं का? घ्यायला कुणी आलंच नाही. सालदाराच्या पोरांनी बिया शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या आणि रात्रभर उलट्या केल्या. झाडं अजून आहेत. शेळ्या तोंड लावत नाहीत, तेवढा एक कुंपणाचा उपयोग.

या सगळ्यात मला धडधाकट वाटलेली गोष्ट आमच्याच गावात आहे, म्हणून गावाची फुशारकी मारल्यासारखं होईल, पण मारते. देवगुराडियाला नेमावर रोडवर कचऱ्याचा डोंगर होता. त्या रस्त्यानं जाताना बसमध्ये बायका पदर नाकाला लावायच्या. तिथे १९ फेब्रुवारी २०२२ ला ओल्या कचऱ्याच्या वायूचा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन १७,००० किलो सीएनजी आणि १०० टन खत करायच्या क्षमतेचा. निम्मा वायू शहराच्या बसना द्यायचा असं तेव्हाच ठरलं. या वायूसाठी कुणी एक बिघाही पेरला नाही, कुणाच्या कोंबडीचं खाद्य पळवलं नाही. आणि नुसता पडून राहिला असता तर तोच कचरा सडून मिथेन हवेत सोडत बसला असता.

हे चालतं कशावर, ते उद्घाटनाच्या भाषणात येत नाही. ते चालतं रोज सकाळी सव्वासातला गाडी आली की. आमच्या गाडीला सहा कप्पे आहेत: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरासुद्धा ओल्यात गेला की गाडीवरचा मुलगा डबा परत देतो. माझ्या एका शेजारणीनं त्याच्यापायी सुनेशी दोन दिवस अबोला धरला होता. म्हणजे त्या १७,००० किलो वायूत शहरभरच्या बायकांची रोजची दहा मिनिटं मिसळलेली आहेत, बिनपगारी. याची नोंद कुठल्या ताळेबंदात असेल तर मला कळवा.

एक खटकतं तेही सांगते. प्रकल्प एकदा उभा राहिला की त्याला रोज खायला लागतं. मी ओल्या कचऱ्यातलं निम्मं गच्चीवरच्या कुंडीत जिरवते, तर सोसायटीतले एक काका म्हणाले, "मग प्लांटला काय द्यायचं?" लग्नात ताटं भरभरून टाकणाऱ्यालाही आता म्हणता येतं की वाया कुठे जातंय, बस चालतेय त्याच्यावर! तीनशे माणसांच्या पंगतीत गुलाबजाम टाकून बस चालवणं फार महागाचं पेट्रोल आहे, मी गुलाबजाम करते म्हणून सांगते.

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. आमच्या महापालिकेनं या कचरागाडीला सातवा कप्पा द्यावा, तळणीच्या तेलाचा. मोठी टाकी नको, घट्ट झाकणाचा एक कॅन पुरे, आठवड्यातून एकदा. गाडी दारात येतेच, मुलगा ओळखीचा असतो, डबा परत द्यायची हिंमत त्याच्यात आहे. तेल मोजून घ्यावं, किती दिलं आणि कुठल्या कारखान्यात गेलं याची पावती फोनवर यावी. भाव जास्त नकोच. उलट भाव इतकाच ठेवावा की तेल थकल्यावर फेकणं परवडेल आणि ताजं विकणं परवडणार नाही. हाताशी शहराचं नाक असलेला माणूस रोज दारात उभा असताना, मोटरसायकलच्या कॅनवर देशाचं विमान उडवायला निघालो आहोत, याचं मला आश्चर्य वाटतं. समोशा-भज्यांच्या गाडीवाल्यांचाही विचार करावा. जुनं तेल जमा केलं तर नव्या डब्यावर सूट, असं काही केलं तर तो समोसेवाला माझ्या साताच्या डब्यापर्यंत पोचणारच नाही. पुण्या-नागपुरातही घरोघर ओला-सुका वेगळा घेतातच, तेव्हा आपल्या वाचकांनीही आपापल्या गाडीला विचारून पाहावं.

मोटरसायकलवाल्या पोराला मी पावती मागितली. म्हणाला, "अगली बार, आंटी." त्याला तीन आठवडे झाले. मधे एकदा गल्लीतून गेला, हॉर्न वाजवला, थांबला नाही. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, चकलीच्या भाजणीच्या दोन खेपा दळून आल्या. डबा अजून जिन्याखालीच आहे. झाकणावर आकडा घातलाय, या वेळी अकरा.

आपली,
एक फराळवाली
लोकमान्य नगर, इंदूर
(नाव-पत्ता आपल्या दप्तरी दिला आहे, छापू नये. गिऱ्हाइकं भाव विचारतील.)